दोन्ही हातांचं बीपी

अक्काला जाऊन सव्वा महिना झाला. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास तीर्थपुरीहून दाजींचा फोन आला. "मधू, अक्काच्या पाठीत लई कळ आली. जीप करून जालन्याला घेऊन येऊन राह्यलो. तू जल्दी दवाखान्यात ये." फोन ठेवला आणि तसाच दवाखान्याकडे निघालो. पाठीतली कळ म्हणजे काय, हे आमच्या घरात तीन वर्षांपासून सगळ्यांना माहीत होतं.

कमलअक्का माझी थोरली बहीण. उभी हयात सरकारी नर्स म्हणून काढली. घाबरलेल्या बाळंतिणींना ती दटावायची, "अगं, काही मरत न्हाईस तू!" तीन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं, म्हणून त्याआधी औरंगाबादला तिच्या हृदयाचा इको काढला. डॉक्टर म्हणाले, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, किंचित रुंदावली आहे. आत्ता काही करायचं नाही. बीपी वाढू द्यायचं नाही, जड उचलायचं नाही, दरवर्षी तपासायचं. मी तो 'किंचित' शब्द धरून बसलो. परतताना बस जालन्याच्या स्टँडवर लागली. उतरता उतरता अक्का म्हणाली, "मधू, आई कशी गेल्ती, आठवतं का?"

आठवत होतं. मी नऊ वर्षांचा होतो. खळ्यावर गहू उफणता उफणता आई पाठ धरून खाली बसली, 'आतून कुणी फाडून राह्यलं' म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत गेली. गावानं बाहेरची बाधा ठरवली. अक्का म्हणाली, "बाधा न्हवती रे ती. हेच असंल. हे रक्तात उतरतं. तू पण इको करून घे."

त्यानंतर अक्का बदलली. हंडा उचलीना, नातवाला कडेवर घेईना. जेवण अळणी. बोलता बोलता तिची बोटं आपोआप मनगटावर जायची... नाडी मोजत बसायची. वर्षानं तपासणीत धमनीचं माप तेवढंच आलं, की आठवडाभर हसायची. मग पुन्हा तेच. आणि भेटली की पहिला प्रश्न, "करून आलास का?" खरं सांगतो, मी भ्यायलो होतो. काही निघालं तर काय, या भीतीनं मी दवाखान्याची पायरी चढलो नाही. दुसऱ्या वर्षी तिला ठोकून दिलं, "केला. बिलकुल नॉर्मल." तिनं त्या दिवशी शेजारी साखर वाटली.

जीप दवाखान्यात आली तेव्हा अक्का घामानं भिजली होती. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला गॅस वाटला. ती दातओठ आवळून म्हणाली, "गॅसचं इंजेक्शन नका देऊ, डॉक्टर. दोन्ही हातांचं बीपी घ्या." त्यानं घेतलं. एका हाताचं दुसऱ्यापेक्षा कितीतरी कमी आलं... महाधमनी आतून फाटल्याची ती खूण. त्यानं पुन्हा घेतलं, आणि त्याचा चेहरा उतरला. अक्का त्याच्याकडेच पाहत होती. तिनं डोळे मिटले.

अँब्युलन्स औरंगाबादकडे निघाली. दाजी पायाशी, मी उशाशी. अक्का माझा हात सोडत नव्हती. "मला भ्या वाटून राह्यलं, मधू," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून ते ऐकलं. मग म्हणाली, "तू तरी नीट हायेस..." मला राहवलं नाही. "अक्का, मी इको केलाच न्हाई. खोटं बोललो." ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली नाही. तिचे डोळे नुसते मोठे झाले, आधीपेक्षा जास्त भेदरलेले. "मंग कर," ती म्हणाली. "जल्दी कर..." बदनापूर मागं पडल्यावर तिच्या हातातला जोर गेला. औरंगाबादला पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर मी एकटाच जाऊन इको केला. अंधाऱ्या खोलीत छातीवर गार जेल, आणि पडद्याकडे पाहायची हिंमत नाही. डॉक्टरांनी तोच शब्द वापरला, 'किंचित'. गोळी लिहून दिली. मग चष्मा काढून विचारलं, "मुलं किती?"

"दोन."

"दोघांचीही तपासणी करून घ्या."

घरी आलो तर थोरली मेधा दारातच उभी होती. "काय निघालं, बाबा?" 'नॉर्मल' हा शब्द ओठांवर आला होता... तो गिळला. तिला समोर बसवलं आणि आजीपासून सगळं सांगितलं.   मग ती हळूच म्हणाली, "बाबा, धाकट्याला कोण सांगणार?"