हिरवी चिंधी आणि रानगाडी

मालवाहतुकीच्या त्या आवारात पट्टेकाकांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं ते ट्रकवर माल बांधत आले होते. फ्रीज, मोटरसायकली, शिवणयंत्रं, एकदा तर एका शाळेची भलीमोठी घंटासुद्धा. पट्टा हुकात अडकवायचा, तो आवळायचा खटका कटकट करत ओढायचा आणि पट्टा ताठ झाला की त्यावर टिचकी मारून म्हणायचं, "झोपा आता निवांत." हे ते मालाला म्हणत की ड्रायव्हरला, ते कुणी कधी विचारलं नाही.

आवाराची एक रीत होती. बांधणारा आपल्या रंगाची चिंधी शेवटच्या पट्ट्याला बांधी आणि ड्रायव्हर पहिल्या पेट्रोल पंपावर थांबून सगळे पट्टे पुन्हा एकदा ओढून घेई. रस्त्याच्या हादऱ्यांनी माल थोडा खाली बसतो, पट्टे ढिले पडतात, म्हणून. हा नियम सगळ्या रंगांना होता, फक्त हिरव्याला नव्हता. हिरवी चिंधी काकांची. "माझ्या बांधणीला हात लावणं म्हणजे माझ्या थोबाडीत मारणं," असं ते म्हणत. ड्रायव्हर लोक हसत, पण हिरवी चिंधी दिसली की पंपावर थांबत नसत. सव्वीस वर्षांत काकांच्या हातचं काही पडलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं नाक जरा वरच असे, आणि खरं सांगायचं तर ते लोकांनीच वर करून ठेवलं होतं.

मग रानगाडी आली. कागदावर तिचं नाव एटीव्ही. मोटरसायकलसारखं हँडल, पण खाली चार जाडजूड फुगीर चाकं. दगडधोंडे, चिखल, वाळू, कशातूनही जाणारी. डोंगरावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंसाठी ती आली होती. रस्ता जिथे संपतो त्याच्याही वर माणसं राहत, आणि बाई त्यांच्याकडे औषधांची पेटी घेऊन पायी जात.

"कशी पाठवायची?" मॅनेजरने विचारलं. मॅनेजर नवा होता, येऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि सगळं विचारून करायचा. "बंद ट्रक गुरुवारी आहे. बुटका ट्रेलर दुसऱ्या डेपोतून उद्या सकाळी मिळेल. नाहीतर आपली पिकअप."

ड्रायव्हर होता काकांचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं गाडी चालवत होता आणि फार बोलायचा नाही. त्या दिवशी मात्र बोलला. "भाऊजी, ट्रेलर घेऊ या. पिकअपमध्ये ही उंच होते, मागची फळीही लागणार नाही. आणि टायर बघा, बोट दाबलं तर आत जातंय. ही मोटरसायकल नाही."

नर्सबाईंनीही फोनवर सांगितलं होतं, उद्या आली तरी चालेल. म्हणजे घाई कुणालाच नव्हती. पण चार माणसांसमोर मेहुण्याने शिकवावं, हे काकांना झोंबलं. "तू दूध पीत होतास ना, तेव्हापासून पट्टे ओढतोय मी," ते म्हणाले, आणि सगळे खो खो हसले. मेहुणाही हसला. त्याचे कान लाल झालेले काकांना दिसले होते. ते पुढे कितीदा तरी आठवायचं होतं.

रानगाडी पिकअपवर चढली. काकांनी ती मोटरसायकलसारखीच बांधली, हँडलवरून दोन पट्टे, मागून दोन. टिचकी मारली. हिरवी चिंधी बांधली.

"पंपावर जरा बघून घेऊ का?" मेहुण्याने खिडकीतून हळूच विचारलं.

"चिंधीचा रंग दिसत नाही का?" काका म्हणाले. "गुमान जा."

तो गुमान गेला. त्या मऊ चाकांतली हवा आधीच कमी असते. हादरे बसले तशी गाडी दबत गेली आणि पट्टे सैल झाले. तिसऱ्या वळणावर रानगाडी मागच्या मागे घसरली आणि खड्ड्यात उलटी पडली. कुणाला लागलं नाही. हँडल वाकलं, पुढचा आस मोडला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने दोघांना टेबलापुढे उभं केलं. "पंपावर थांबला होतास?"

"नाही," मेहुणा म्हणाला.

"का?"

मेहुण्याने नजर टेबलावर खिळवली. मॅनेजर काकांकडे वळला. "काका, तुम्ही सांगितलं होतं ना त्याला, थांबायला?"

खरं तेवढं सांगायला दहा शब्दसुद्धा लागले नसते. पण काकांच्या डोळ्यांपुढे सव्वीस वर्षं उभी राहिली, आणि त्या वर्षांनी त्यांच्या तोंडून दोनच शब्द काढले.

"सांगितलं होतं."

मेहुण्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं." त्याच दिवशी त्याच्या हातचं स्टिअरिंग गेलं. गोदामात खोकी रचायचं काम मिळालं.

नाव राखलं होतं, पण काकांना ते अंगाला बोचायला लागलं. टिचकी मारायचं त्यांनी सोडून दिलं. गोदामाच्या दारावरून जायला नको म्हणून ते चहाला लांबून वळसा घालून जात. मेहुणा समोर आलाच तर उगाच खिसे चाचपत. रात्री निजताना ठरवायचं, उद्या सांगून टाकू. सकाळी बूट घालता घालता ते विरून जायचं. स्वतःचीच किळस यावी, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

रविवारी मेहुणा नेहमीप्रमाणे बहिणीकडे जेवायला आला. पान वाढता वाढता तिने त्याला फैलावर घेतलं. "एवढी वर्षं गाडी चालवतोस, पंपावर पाच मिनिटं थांबायला काय झालं होतं रे? यांचं नाव जाता जाता राहिलं. जरा लाज वाटू दे."

"चुकलं ताई," तो म्हणाला आणि भाजी मागून घेतली.

काकांच्या तोंडातला घास तोंडातच फिरत राहिला. बायको म्हणाली, "तुम्ही का जेवत नाही? जाऊ द्या आता, झालं गेलं. तुम्ही फार मनाला लावून घेता." त्यावर मेहुण्याने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं काकांना वाटलं. पण ती काही दुभंगली नाही, आणि ते पाणी प्यायले.

सहा आठवड्यांनी रानगाडी दुरुस्त होऊन आवारात उभी राहिली. या वेळी नर्सबाई स्वतः आल्या होत्या. त्यांच्या बुटाचा तळ सुतळीने बांधलेला होता. सहा आठवडे बाई पुन्हा पायीच वर जात होत्या, हे कुणी सांगायला नको होतं.

"कशी पाठवायची?" मॅनेजरने पुन्हा तोच प्रश्न विचारला. आवार जमलं होतं. मेहुणा गोदामाच्या दारात खोकं घेऊन उभा होता.

"काका बांधणार असतील तर मला कशीही चालेल," नर्सबाई म्हणाल्या. "त्यांचं नाव ऐकलंय मी. फक्त त्या मागच्या ड्रायव्हरकडे नका देऊ."

काका मेहुण्याकडे पाहू शकले नाहीत, म्हणून सुतळीच्या बुटाकडे बघत बोलले. "ट्रेलरने पाठवा. मागच्या वेळीही तोच सांगत होता, ट्रेलर घेऊ म्हणून. मी ऐकलं नाही. पंपावर थांबू का म्हणून त्याने विचारलं होतं. नको म्हणून मीच दटावलं. आणि इथे येऊन खोटं बोललो."

त्यांना वाटलं, आता आभाळ कोसळेल. कुणी हललंसुद्धा नाही. जो तो आपल्या चपला बघत होता. वजनकाट्यावरच्या बाई आवारात सगळ्यांत जुन्या. त्यांनीच शेवटी तोंड उघडलं.

"काका, हिरव्या चिंधीला कुणी हात लावत नाही, हे इथे कुणाला ठाऊक नाही? एका साहेबांनाच तेवढं ठाऊक नव्हतं."

म्हणजे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सहा आठवडे ही माणसं "काका, चहा घेणार?" म्हणत होती ती माहीत असून. जे नाव राखायला त्यांनी मेहुण्याचा बळी दिला, ते त्या दोन शब्दांबरोबरच गेलं होतं. ते गेलंच नाही, असं तेवढं सगळ्यांनी त्यांना दाखवलं होतं. काकांचं तोंड कानापर्यंत तापलं. चार लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर त्यांना उभं राहायला सोपं गेलं असतं.

मॅनेजरने खिळ्यावरची किल्ली काढली आणि मेहुण्याच्या हातात दिली. "काका, तुम्हीही बरोबर जा," तो म्हणाला. "बाकीचं आल्यावर बोलू."

ट्रेलर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. काकांनी पट्टे हँडलवरून न घेता रानगाडीच्या खालच्या सांगाड्याला लावले, चाकं खाली दाबून, नीट. चिंधी खिशात होती. ती त्यांनी खिशातच राहू दिली. पहिल्या पंपावर मेहुण्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि पट्ट्यापाशी जाऊन थांबला. हात लावला नाही. भाऊजींची वाट बघत राहिला.

काका आले. त्यांनी पट्ट्याखाली हात घातला. एवढं निगुतीने बांधूनही पट्ट्याखाली चार बोटं सहज जात होती.

"ओढ," काका म्हणाले.

मेहुण्याने खटका धरला आणि ओढला.