ओसिओलाचा सूड, उकडीच्या मोदकांसह

सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या यामिनी परांजप्यांनी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलं. त्यांचं स्वतःचं रक्त मात्र एकाच नावाने उसळायचं. ओसिओला! फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीचा हा लढवय्या. दलदलीत दडून त्याने अमेरिकन सैन्याला सळो की पळो करून सोडलं होतं. १८३७ साली पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आला, तेव्हा त्याला दगाबाजीने पकडलं. काही महिन्यांत तो कैदेतच वारला. गोष्ट इथवर आली की यामिनीबाईंची आमटी हमखास करपायची.

गेल्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांचं या विषयावर व्याख्यान ठरलं होतं. अध्यक्ष राजीवने "ये ना चहाला, वेळेचं बघू" म्हणून बोलावलं आणि कप रिकामा व्हायच्या आत व्याख्यान कापून तिथे स्वतःचा कराओके घातला. पासष्ट स्लाइड्स पाण्यात! बाईंनी त्याच कपाच्या साक्षीने सुडाची शपथ घेतली.

यंदा चारशे उकडीचे मोदक त्यांनी आपणहून अंगावर घेतले. राजीव भाबडा, खूश झाला.

रविवारी दुपारी हॉल भरला. वेलदोड्याचा वास सुटला. किचनला कुलूप, किल्ली यामिनीबाईंच्या कमरेला आणि पडद्यावर ओसिओला.

"आधी हा, मग मोदक," बाईंनी जाहीर केलं.

"मॉम, दिस इज ब्लॅकमेल!" लेक नुपूर पुटपुटली.

"हो. बस खाली."

पांढऱ्या निशाणाची स्लाइड नुकतीच संपली होती. तेवढ्यात भुकेने कासावीस राजीव हातातला कागदी नॅपकिन हलवत पुढे आला. "यामिनी, प्लीज! बाहेर ये, चहा घेऊ, मिटवून टाकू."

मागच्या रांगेतून कुमार ओरडला, "जाऊ नका वहिनी! पकडतील!"

हशाने हॉल कोसळला. बाईंनी राजीवला पहिल्या रांगेत बसवलं आणि उरलेल्या चाळीस स्लाइड्स एकही न गाळता दाखवल्या. ओसिओला गेला, पण काहीशे सेमिनोल दलदलीत टिकून राहिले, शरण गेलेच नाहीत, हे तर त्यांनी दोनदा सांगितलं.

मग पंगत. राजीवच्या पानात फुटका मोदक पडला. यामिनीबाईंच्या हातातली तुपाची तांबली वर अधांतरी थांबली.

"कधी पकडला?"

"अठराशे... सदतीस."

"कसा?"

राजीवने मांडीवरच्या नॅपकिनकडे पाहिलं. "बोलावून. दगा देऊन."

"शाब्बास," बाई म्हणाल्या आणि दोन थेंब तूप सोडलं. दोनच.