आर्डिसचा एक टक्का

आर्डिस जाडेनला मी शाळेत असल्यापासून ओळखते. चाळीस वर्षं ती तिथल्या स्वयंपाकघरात होती, आम्हाला चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं कालवण, आणि दालचिनीचे रोल वाढायची. निवृत्तीनंतर गावातल्या बाकीच्या बायका गोधड्या शिवायला लागल्या, आणि ही दर जूनमध्ये आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, करकचेरीत लिलावाला यायला लागली. मी तिथे कारकून.

लिलाव घराचा नसतो, थकलेल्या कराचा असतो. तो कर तुम्ही भरायचा, काउंटी तुम्हाला दाखला देते, आणि मालकाने फेड केली की दरमहा दोन टक्क्यांनी व्याज तुमचं. दाखला दोघांना हवा असेल, तर बोली उलटी चालते. मालकाने फेडलंच नाही, तर घराचा किती हिस्सा घ्याल? जो कमीत कमीवर राजी, दाखला त्याचा. बहुतेक मालक फेडतात. पावणेदोन वर्षांत फेडलं नाही तर नोटीस जाते, आणि त्यानंतर नव्वद दिवसांतही फेडलं नाही, तर तो हिस्सा दाखलेवाल्याचा.

त्या वर्षी यादीत डेलमार क्रूसेचं नाव होतं. डेलमार म्हणजे आर्डिसचा शेजारी, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. पैशाला कमी नव्हता, पण घरातले कागद बायको, जेनेव्हा, बघायची. ती वारल्यापासून आलेलं प्रत्येक पाकीट तो न फोडताच स्वयंपाकघरातल्या तिच्या खुर्चीवर ठेवून द्यायचा. म्हणजे ती नोटीसही त्या खुर्चीवरच पडणार. आर्डिस कर भरू का म्हणाली, तर त्याने तिच्या तोंडावर दार लावलं. "मी भीक मागितली का?" आणि आम्हा कचेरीतल्यांना बोली लावायला बंदी.

लिलावाला ओमाहा शहरातला एक कोटवाला आला होता. डेलमारच्या घराचा पुकारा झाला तसा तो म्हणाला, "शंभर टक्के."

"नव्वद," आर्डिस म्हणाली.

"पन्नास."

"एक."

सगळे वळून बघायला लागले. एकाच्या खाली बोली जातच नाही. कोटवाला हसला. "आजीबाई, एक टक्का घर घेऊन करणार काय? न्हाणीघरात राहणार?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही कोटाची बटणं सांभाळा."

दाखला आर्डिसचा झाला. जेवणाच्या सुट्टीत ती मला ओढतच डेलमारकडे घेऊन गेली आणि तो कागद तिने टेबलावर आपटला.

"माझं घर घेतलंस?" तो ओरडला.

"घर कशाला चुलीत घालायचंय? तुझं देणं घेतलंय. महिन्याला दोन टक्के. भीक नाही घालत तुला, कमावतेय तुझ्यावर! आणि नाही फेडलंस, तर एक टक्का माझा. मी ही खुर्ची उचलेन."

पाकिटांचा ढीग खुर्चीच्या पाठीएवढा उंच झाला होता. डेलमार लालबुंद झाला. "जेनेव्हाच्या खुर्चीला हात लावायचा नाही."

"मग फेड."

मला तिचा राग आला. दुखऱ्या जागी असं बोट घालतात का? दोन महिने त्याचा काही पत्ताच नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी डेलमार माझ्या खिडकीशी उभा राहिला. हातात गुरांच्या खाद्याची जुनी गोणी, आत सगळी पाकिटं, एकूणएक फोडलेली. कर, व्याज, शुल्क, सगळं त्याने एका चेकने भरलं. मी शिक्का मारला आणि जीव भांड्यात पडला. आर्डिसला फोन केला.

"व्याजासकट?" तिने विचारलं.

"व्याजासकट."

मग फोनवर ती रडायलाच लागली.

शनिवारी डेलमारने आम्हा दोघींना कॉफीला बोलावलं. खुर्ची रिकामी होती, पुसलेली. आर्डिस दारातच घुटमळली. एवढी तोंडाळ बाई, पण तिला आत जाववेना.

डेलमारने ती खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली.

"आता हिच्यावर तुझा काडीचा हक्क नाही," तो म्हणाला. "बस."