गोळ्याच्या जागी बटाटा

“अहो, बारा वर्षं झाली त्याला. दात परत उगवणार आहेत का आता?”

“दात नाही उगवायचे. पण त्या ड्रायव्हरचा नोकरीचा कागद कोरा जाऊ द्यायचा नाही मला.” एवढं बोलून त्याने बायकोच्या टोपलीतला एक बटाटा उचलला, तळहातावर तोलला, परत टाकला आणि त्याहून गोल बघून दुसरा घेतला. बायको भाजी चिरत होती. माणूस रागाच्या भरात काहीतरी हातात धरतो, तसंच हे, असं तिला वाटलं.

स्टेशनात त्याला सगळे बोळक्या म्हणायचे. नोकरी काटेवाल्याची. दांडा ओढून रुळांचा काटा बदलायचा, दिवे पुसायचे आणि न थांबणाऱ्या गाडीला धावता धावता गोळा द्यायचा.

गोळ्याचं असं आहे की रूळ एकच आणि गाड्या दोन्हीकडून येणार. समोरासमोर आल्या तर माघार कोण घेणार? रेल्वेच्या अगदी सुरुवातीला काही ठिकाणी वाळूच्या घड्याळावर गाड्या सोडत. एक गेली, वाळू संपली, की सोड दुसरी. पहिली वाटेत अडून बसली असेल तर दुसरी जाऊन तिच्या पाठीवर आदळायची. मग एकेरी रुळावर एक माणूस नेमला. तो ज्या गाडीबरोबर जाईल तीच सुटणार. माणूस एक, म्हणून गाडी एक. पण माणूस म्हटला की त्याचं पोट दुखतं, त्याला सासुरवाडी असते. गोळ्याला सासुरवाडी नसते, म्हणून लोखंडी गोळा आला. दोन स्टेशनांत दोन पेट्या, मध्ये तार. या पेटीतून एक गोळा बाहेर काढला, की तो पुन्हा पेटीत पडेपर्यंत दोन्ही पेट्या कुलूपबंद. गोळा ज्या गाडीकडे, तीच त्या रुळावर जाणार. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला. काटेवाल्याने कडं उंच धरायचं, ड्रायव्हरने जुनं कडं टाकून नवीन हातात अडकवून घ्यायचं. आणि घेतल्यावर पिशवीत हात घालून गोळा बघायचा, हा नियम.

दात घशात घालीन असं लोक नुसतं म्हणतात. या ड्रायव्हरने करून दाखवलं. गाडी हळू करणं त्याला कमीपणाचं वाटायचं. बारा वर्षांपूर्वी अशाच भरधाव इंजिनातून त्याने कडं भिरकावलं ते बोळक्याच्या तोंडावर. तीन दात जाग्यावर पडले. चौकशी झाली. ड्रायव्हर म्हणाला, वेग बेताचाच होता, काटेवाला उभ्या उभ्या पेंगत होता. साहेबांनी ड्रायव्हरचं खरं धरलं. बोळक्याची बढती गेली, ती गेलीच. वर ‘बोळक्या’ हे नावही त्या ड्रायव्हरनेच पाडलं. जाताना रोज शिट्टी मारायचा आणि इंजिनातून स्वतःचे दात दाखवायचा.

आज त्याची शेवटची गाडी होती. सदतीस वर्षांत कागदावर एक शेरा नाही, हे तो चहाच्या टपरीवर ऐकवायचा. गाडीच्या शेवटच्या स्टेशनात सभा, भाषणं, साहेबाच्या हातून मानाचं घड्याळ, सगळं ठरलेलं. तो पिशवीत हात घालत नाही, कडं तसंच खुंटीला लटकवतो, हे बोळक्याने बारा वर्षं बघून ठेवलं होतं.

मास्तरांनी पेटीतून गोळा काढून दिला. बोळक्याने तो खिशात टाकला, पिशवीत बटाटा सरकवला आणि फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरने शिट्टी मारली, दात दाखवले आणि कडं घेऊन गेला.

पुढच्या स्टेशनात गाडी थांबायची. वीस मिनिटांत तिथून फोन आला, पिशवीत बटाटा निघाला म्हणून. मास्तर घामाघूम झाले. गोळा कुठंय म्हणून विचारलं तर बोळक्याने खिशातून काढून दाखवला. तो पेटीत पडल्याशिवाय रूळ मोकळा होणार नव्हता, आणि गाडी पुढे पोचलेली, तेव्हा पडायचा तो पुढच्याच पेटीत, असा मास्तरांचा हुकूम झाला. त्यांनी आपली सायकल पुढे केली. बोळक्या म्हणाला, चालवता येत नाही. रोज तो सायकलवरच कामाला यायचा.

दोन कोस तो रुळाकडेने रमतगमत चालला. मध्ये एकदा बसून चपलेतला खडाही काढला.

बिगरगोळ्याची गाडी हाकणाऱ्याला इंजिनावरून उतरवतात. ड्रायव्हर फलाटाच्या बाकावर बसला होता. शेजारी तिथल्या मास्तरांनी पुराव्यासाठी बटाटा ठेवला होता, चिठ्ठी बांधून. दुसरा ड्रायव्हर यायचा होता, आणि याला स्वतःच्या सभेला गार्डाच्या डब्यात बसून जायचं होतं.

“माणसं मेली असती,” ड्रायव्हर म्हणाला.

“कुणी मेलं नसतं. गोळा माझ्या खिशात होता. समोरून चिमणीलाही सुटता येत नव्हतं.” आजवर त्याने ड्रायव्हरला अहो-जाहो केलं होतं, आज नाही. “पिशवीत हात घातला असतास तर गाडी तिथंच उभी करून मला धरता आलं असतं तुला. तेवढी वाट मी तुला ठेवली होती.”

ड्रायव्हरने बटाट्याची चिठ्ठी उलटी करून ठेवली. “आजचा एकच दिवस राहिला होता रे माझा.”

“म्हणून तर आज.”

तिथल्या मास्तरांनी जबानीचा कागद पुढे केला. बोळक्याने काही लपवलं नाही. गोळा मी खिशात ठेवला, बटाटा मी घातला, गोळा बघायचं काम ड्रायव्हरचं होतं ते त्याने केलं नाही, असं तीन ओळींत लिहिलं. कारण काय, असं कागदात विचारलं होतं. तिथे त्याने लिहिलं, ‘मी पेंगत नव्हतो.’ मास्तर म्हणाले, तुझीही नोकरी जाईल बाबा. जाईल तेव्हा जाईल, असं म्हणून त्याने सही ठोकली.

परतीच्या मालगाडीने तो आपल्या स्टेशनात उतरला. घरून जेवणाचा डबा येऊन पडला होता, इथले मास्तर तोंड फिरवून बसले होते. वरून हुकूम यायला अजून चार दिवस तरी लागणार होते, आणि दुपारची गाडी स्टेशनातल्या दुसऱ्या रुळावर घ्यायची होती. काट्याच्या फटीत खडी अडकली होती. त्याने ती बोटाने उकरून काढली, तेल सोडलं आणि दांडा दोन्ही हातांनी ओढला.