शिट्टीवर शिजणारा मासा

बिबियानाच्या स्वयंपाकघरात घड्याळ कधीच नव्हतं. माग्दालेना नदीच्या वळणावर आगबोटीची शिट्टी झाली, की ती उकळत्या रश्श्यात मासा सोडायची. युकाचे कंद आणि हिरवी केळी त्यात आधीच मऊ झालेली असत. मासा शिजेपर्यंत बोट धक्क्याला लागे आणि उतारू पायऱ्या चढून तिच्या मालकिणीच्या, दोन्या त्रान्सितोंच्या, घरी जेवायला येत. सव्वीस वर्षांत तिचा मासा ना कच्चा राहिला, ना फुटला. नुसते बूट बघून ती ओळखायची, की ह्या गृहस्थाला दोनदा वाढावं लागणार.

त्या आठवड्यात मात्र दोनदा शिट्टी झाली, दोनदा मासा पातेल्यात पडला, आणि बोट काही आली नाही.

"बारा ताटं मांडून आपण दोघी एकमेकींची तोंडं बघत बसलो," दोन्या त्रान्सितो म्हणाल्या. "तुझे कान म्हातारे झाले. पुन्हा असं झालं तर पाहुण्यांची चूल बंद. दोघींपुरतं शिजवत जा."

"माझे कान ठणठणीत आहेत, बाईसाहेब. साहेब हयात असताना ते घोरायला लागले की बहिरं कोण व्हायचं, सांगू?"

बोलली खरी, पण रिकामी ताटं उचलताना ती हिशेब करू लागली. दोघींपुरतं शिजवायला कितीसा वेळ लागणार? उरलेल्या दिवसाचं करायचं काय?

शनिवारी सकाळी पुन्हा शिट्टी झाली. मासा हातात धरून बिबियाना मागच्या दारात आली. बोट जवळ आली की काठावरचे बगळे भर्रकन उडायचे. आज ते एका पायावर खुशाल उभे होते.

खाली पायरीवर नावाडी सेरापियो जाळं शिवत होता. ती त्याच्या लेकीची धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे.

"कोमाद्रे, मासा घेऊन कुणाची वाट बघताय? मांजराची?"

"खरं सांग, बोट गेली कुठे?"

"बेटापलीकडच्या फाट्यानं. इकडे गाळ साचलाय ना! शिट्टी तेवढी वाऱ्यानं इकडे येते. तिकडे लाकडं भरायला दोन-अडीच तास थांबतात."

"आणि हे तू आज सांगतोस?"

"अख्ख्या घाटाला ठाऊक आहे. तुम्ही चुलीपासून हलाल तर कळेल ना!"

बिबियानानं मातीच्या शेगडीत निखारे भरले, तिच्यावर पातेलं ठेवलं आणि सगळं सेरापियोच्या होडीत चढवलं.

"अगं, माझं पातेलं कुठे निघालं?" दोन्या त्रान्सितो दारातून ओरडल्या.

"जेवणाऱ्यांकडे, बाईसाहेब. ताटंही द्या."

बेटाला वळसा घातल्यावर लव्हाळ्यांच्या वर बोटीचं धुराडं दिसलं, तेव्हा तिनं मासा रश्श्यात सोडला. होडी काठाला लागली आणि मासा शिजला.

दुपारी ती परतली तेव्हा दोन्या त्रान्सितो उपाशीच बसल्या होत्या. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"माझ्यासाठी घासभर तरी ठेवलंस?"

"कप्तानानं तळसुद्धा खरवडला."

दोन्या त्रान्सितोंनी टोपलीतलं एक केळं सोलून अर्धं तिच्या हातात दिलं.

"मंगळवारच्या बोटीला मोठं पातेलं ने," त्या म्हणाल्या. "आणि निघण्याआधी माझं ताट झाकून ठेव."