आबांची काहील

डिसेंबर १९७४, सोमवार. काम होतं गुऱ्हाळातल्या काहिलीच्या बुडाला भोक पाडून घ्यायचं. किसन गवंडी छिन्नी धरून बसला होता, भोक कुठं हवं ते मी कोळशानं दाखवत होते आणि आबा बाजेवर उशांना टेकून आम्हा दोघांना बोलत होते. आबा कधी ओरडत नसत. ते हळू आवाजात बोलत, समोरच्या माणसाची एखादी खरी दुखरी जागा शोधून काढत आणि नेमकं तिथंच बोट ठेवत. किसनची बायको त्याला सोडून माहेरी गेली होती. "किसन्या, नीट धर," आबा म्हणाले, "न्हाईतर ती बी सुटल हातातनं." किसन हसला. हसला नसता तर पुढचं वाक्य ऐकावं लागलं असतं, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या एका वाडीत मी नर्स होते. मूळची दौंडची, वडील रेल्वेत गँगमन. आम्ही बौद्ध. उपकेंद्र म्हणजे शाळेशेजारची एक खोली, तिच्यात एक कपाट, एक स्टोव्ह आणि मी. आबा वाडीतले सर्वांत मोठे बागायतदार. सोसायटी त्यांची, गुऱ्हाळ त्यांचं, विहीर त्यांची. पहिल्या दिवशी मी हजेरी द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं. "आत या म्हनलो तर माझी पंचाईत, येऊ नगा म्हनलो तर तुमची. ओट्यावर बसा, दोघं बी सुटू." माझा कप ओट्यावरच्या कोनाड्यात असे, तो मीच विसळून ठेवायचा. त्याला ते 'सरकारचा कप' म्हणत आणि मला नुसतं 'सरकार'. शिरूरच्या आणि पुण्याच्या शिकलेल्या घरांतही मला कोनाड्यातला कप मिळाला आहे. तिथं तो चुकून तिथं ठेवल्यासारखं दाखवत. आबा दाखवत नसत. मला तो माणूस आवडायचा. आता लिहायला बसले म्हणून ते लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवाळीत त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं ते महिन्याभरात सरळ आलं आणि जीभ तर पहिल्यासारखीच चालू लागली, पण उजवा पाय लाकडासारखा राहिला. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी कोमट पाण्यात बसवा, पाण्यात पाय हलका होतो, पाण्यातच हलवायची सवय लावा. मी एक दिवस टाचणी घेऊन त्यांचा पाय तपासला. पावलापासून गुडघ्यापर्यंत टोचत गेले. आबा आढ्याकडं बघत होते. "टोचा की आता, किती येळ?" ते म्हणाले. माझं टोचून झालं होतं.

मी घरातल्या सगळ्यांना जमवून सांगितलं की या पायाला गरम-गार काही कळत नाही, पाणी दुसऱ्यानं बघून मगच पाय आत घालायचा. आबांनी ऐकून घेतलं आणि थोरल्या मुलाला, बापूला, म्हणाले, "पाय मेलाय ही गोष्ट ह्या भिंतीच्या भाईर गेली, तर तू बी गेला."

बादलीत किंवा घंगाळात बसणं त्यांना मान्य नव्हतं. "म्या काय बदक हाय?" गुऱ्हाळातली जुनी काहील परसात आणायची हे त्यांनीच ठरवलं. रस आटवायची ती लोखंडी कढई, माणूस पाय पसरून बसेल एवढी रुंद आणि मांडीभर खोल. कल्पना चांगली होती. मी म्हटलं, खाली विटांचं जोतं करू, पाणी बंबात तापवू, काहिलीत ओतू. आबांना ते पटेना. काहील चुलवणावरच बसते, जोत्यावर बसलेली काहील त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "खाली जाळ न्हाई ती काहील कसली? ती परात." दोन दिवस आम्ही भांडलो. शेवटी तोड निघाली ती अशी: चुलवण बांधायचं, पण पहाटे जाळ करून सगळे निखारे ओढून काढायचे. बुडाला बाभळीच्या फळ्यांची जाळी टाकायची, म्हणजे अंग लोखंडाला लागणार नाही. काठाला बसायला कट्टा, धरायला पाइप, पाणी सोडायला भोक आणि त्याला बोळा. आणि सगळ्यांत शेवटी कोपर. हाताच्या पंजाला फसवता येतं, कोपराला नाही. तान्ह्या पोराचं पाणी बघतात तसं आत कोपर घालून बघायचं, मगच आबा. हे काम आबांच्या बायकोनं, आक्कांनी, अंगावर घेतलं. मी त्यांना विटांचंही सांगितलं होतं. निखारे काढले तरी चुलवणाच्या विटा गरम असतात, पाणी पुढंही तापत राहतं. बघायचं ते अगदी बसायच्या वेळेला.

किसनही बौद्ध वस्तीतला. चुलवणाची प्रत्येक वीट त्यानं लावली, मी माती कालवून दिली. त्याला कुणाची हरकत नव्हती. पाणी भरल्यावर मात्र आम्ही दोघं कट्ट्यापासून लांब उभं राहायचं.

पुढचा महिना आबांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा असावा. सकाळी डोक्याला फेटा, कमरेला पंचा, छातीपर्यंत वाफ, असे ते काहिलीत बसत आणि तिथूनच सोसायटी चालवत. कर्ज मागायला आलेले लोक भोवती उभे राहत. एका शिक्षकाला त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमची पोरं पास का व्हत न्हाईत? तुमी शिकिवता म्हनून का?" गुरुजींसकट सगळे हसले. पोलीस पाटील बायकोला भितो हे त्याच्या देखत सगळ्यांना सांगून झालं. एकदा भांडगावचे व्याही आले. ते चहा घेईपर्यंत आबांनी त्यांच्या जावयाचं, बैलांचं आणि नाकाचं वर्णन करून टाकलं. मी लांबून पायाचे व्यायाम सांगायची आणि बापू पाण्यात हात घालून पाय हलवायचा. तिसऱ्या आठवड्यात अंगठा हलला. सगळ्यांनी तो पाहिला. आबांनी तो पाहिला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. ते चालणार होते, याबद्दल मला शंका नव्हती.

जानेवारीअखेर आक्का भावाच्या दहाव्याला गेल्या. त्या सकाळी मी पोहोचले तेव्हा पाणी तापवून निखारे ओढून झाले होते. काहिलीशी गणपा गुळव्या होता. आबांच्या गुऱ्हाळात गूळ काढायचं काम तो लहानपणापासून करत होता आणि उकळत्या रसातून गोळी उचलून बघायची त्याच्या बोटांना सवय होती.

"पाणी कुणी बघितलं?" मी विचारलं.

गणपानं पाण्यात हात फिरवला. "म्या बघितलं की. कोमट हाय."

"गणपा, तुझे हात रसानं शिजलेत. तुला उकळी फुटेपर्यंत सगळं कोमटच लागणार. मी बघते." मी बाही वर केली.

"सरकार, थांबा," आबा म्हणाले.

बापूनं आणि गणपानं त्यांना कट्ट्यावर बसवलं होतं. घरात असो की गाडीत, आबा कुठंही आत जाताना उजवा पाय पहिला घालत. लकवा झाल्यावरही ते मोडलं नव्हतं. बापूनं उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून काठावरून आत सोडला आणि डाव्याला हात घालणार, तेवढ्यात आबांनी त्याला थांबवलं. त्यांना आधी बोलायचं होतं.

"सुई तुमची चालंल. सुई सरकारची, तिला इटाळ न्हाई. पानी माझ्या हिरीचं हाय."

"पाय बाहेर घ्या, मग बोला."

"दुष्काळात तुमच्या वस्तीला पानी कुनी वाढलं? सरकारनं? म्या वाढलं. वरनं वाढलं, पन वाढलं का न्हाई?"

"वाढलंत. आबा, पाय बाहेर घ्या."

"का? घाई कसली हाय? म्या वाढनारा, तुमी घेनारं. हिरीत हात घालनारं तवा कुनी न्हवतं, आता बी न्हाई. कोपर घालनार म्हनं. आज कोपर, उद्या अंघूळीला बसाल."

मी जेवढ्यांदा पाय काढा म्हणत होते, तेवढं ते निवांत होत होते. माझ्या चेहऱ्यावरची घाई त्यांना दिसत होती आणि तिची त्यांना मजा येत होती. पाय पाण्यातच होता. बापू बापाच्या तोंडाकडं बघत होता. गणपा माझ्याकडं बघत हसत होता.

मी पुढं झाले, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, घोटा पकडला आणि पाय वर ओढला. माझा हात भाजला. त्याचा आता डाग राहिलेला नाही, तेव्हा तो विषय सोडते.

आबांनी पायाकडं पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं ते नडगीवरच्या माझ्या हाताकडं. "बापू," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पानी सोड."

आणि ते दोघं पाणी सोडायला धावले. बोळा पाण्यानं फुगला होता, निघेना, तर गणपा पक्कड शोधायला गेला. वाफाळतं पाणी केळीच्या आळ्यात जाऊ लागलं. आबा सांगत होते, काहील राखेनं घासा, फळ्या उन्हात टाका. पाय माझ्या मांडीवर होता. त्याची कातडी मोजा उतरावा तशी घोट्याशी गोळा झाली होती आणि त्याच्या मालकाला अजून त्यातलं काही माहीत नव्हतं.

"गार पाणी आणा," मी म्हटलं. कुणी हललं नाही. मी पुन्हा सांगितलं. बापूनं आधी बापाकडं पाहिलं आणि मग पायाकडं. आबांनी त्याच्या तोंडावरून काय ते ओळखलं असावं. त्यांनी मान वळवून स्वतःचा पाय पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "आन पानी. वरनं वाढ."

बापूनं उभं राहून, हंडा उंच धरून, माझ्या मांडीवरच्या पायावर पाणी सोडलं.

पट्टी करायला मी रोज जात होते. माझा हात आता चालत होता, कारण त्या घरात दुसऱ्या कुणाचा हात तिथं जायला तयार नव्हता. आक्का परत आल्या, त्यांनी एकदा पाय पाहिला आणि त्यानंतर त्या पट्टीच्या वेळी खोलीतून बाहेर जात. आबांची जीभ चालूच होती. "सरकार, पाक कसा आलाय? गूळ धरल का, का काकवीच व्हनार?" मी हसायची. ते हसायला लावत, आणि माझा हात त्या वेळी जखमेत किती आत असायचा ते आम्हा दोघांनाच ठाऊक असायचं. दुखतंय का, हे मी विचारत नसे. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

बोटं काळी पडायला लागली तेव्हा मी बापूला सांगितलं, आजच हलवा. त्यानं आठवडा घालवला. शिरूरच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, परत बांधली आणि पुण्याला न्या म्हणाले. पाय काढावा लागणार होता.

सोसायटीची जीप दारात आली त्या दिवशी सगळी वाडी जमली होती. आबांना मागच्या बाकावर आडवं ठेवलं. मी पट्टी शेवटची तपासून ओट्याशी उभी राहिले. आबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काहीतरी चेष्टा करतील.

"बाई," ते म्हणाले. सरकार म्हणाले नाहीत. "भाजल्यालं बरं व्हनार व्हतं. जाळानं कुनाचं वाईट केल्यालं म्या बघितलं न्हाई. तुमचा हात लागला आन् पाय सडला."

ते हळूच बोलले, पण जीपभोवती सगळ्यांना ऐकू गेलं. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. चेष्टा करताना त्यांचा डावा डोळा बारीक होत असे. तसा तो झाला नव्हता. त्यांना ते खरंच वाटत होतं. गर्दीत पहिली मान हलली ती गणपाची, मग बापूची, मग बाकीच्यांची. जीप निघाली.

पुण्यात त्यांचा पाय मांडीपासून काढला. शिमग्याच्या आधी ते तिथंच वारले. मला वाईट वाटलं. इतकं नेमकं बोलणारं माणूस मला पुढं कुठल्याच गावात भेटलं नाही, आणि पुढं नोकरीची गावं मला पुष्कळ झाली.

जीप गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लस टोचायची होती. मी सुया उकळून शाळेच्या ओट्यावर मांडामांड केली. बाया आल्या, पण पायरीखालीच उभ्या राहिल्या. पुढं आबांची धाकटी सून होती, कडेवर पोर घेऊन.

"बाई," ती म्हणाली, "मामंजी सांगून गेल्यात, हात लावू दिऊ नगा. नुसती सुई मारा."

"पोर धरल्याशिवाय सुई मारता येत नाही."

"मग म्या धरते."

"धर. आणि मारही तूच," मी म्हटलं आणि भरलेली सिरिंज तिच्यापुढं केली.

तिनं सुईकडं पाहिलं. मागच्या बायांकडं पाहिलं. पोराला घट्ट धरलं, पण हात काही पुढं आला नाही. ती सासऱ्याचं ऐकत होती, आणि पोराला लस नको असंही तिला म्हणायचं नव्हतं. तिला यातलं एक निवडायला लावलं असतं तर ती दुपारपर्यंत तिथंच उभी राहिली असती. माझ्याकडं तेवढा वेळ नव्हता. मी पायऱ्या उतरले, तिच्या कडेवरून पोर काढून घेतलं, मांडीवर आडवं टाकलं, तंगडी मुठीत घट्ट धरली आणि टोचलं. ते बेंबीच्या देठापासून रडलं. टोचल्या जागी बोळ्यानं चोळून मी ते तिच्या हातात परत दिलं आणि पुढचं मागितलं.