कूलरमधला होला

आमच्या गल्लीतले कुर्बानचाचा गाद्या भरतात आणि वऱ्हाडीत कविता करतात. जन्मभर कापूस पिंजून छाती घरघरते, गुडघे कुरकुरतात. पण माइक दिसला की माणूस ताठ! त्यांच्या दोन ओळी अकोल्यात पुष्कळांना पाठ आहेत:

‘ज्यानं पाखराले जागा देल्ली घरात,
अल्ला त्याचं नाव लिवते झाडाच्या पानात.’

या ओळींवर त्यांनी इतक्या शाली मिळवल्या की मी चिडवायचो, "चाचा, आता एक गादी शालींचीच भरा."

परवीनचाची कधी कार्यक्रमाला गेल्या नाहीत. चाचा घरात ओळी घोळवत, तेव्हा त्या भाकरी थापत असत. त्या ऐकत असतील असं कोणाच्या मनातही आलं नाही. चाचांच्याही नाही.

यंदा एप्रिलमध्येच अंगाची लाही व्हायला लागली. चाचांनी धापा टाकत कूलरची वाळ्याची ताटी काढली, तर आत होल्याचं घरटं आणि त्यात अंडी. पंखा लावला तर संपलंच. घरटं हलवलं तर होला पुन्हा अंड्यांकडे फिरकेल याचा नेम नाही. चाचा मटकन खाली बसले आणि मला हाक मारली, "ये बाबा, काढून फेक हे. माह्यात दम नाही राहिला."

मी हात घालणार तोच चाची दारात आल्या. त्यांना बीपीचा त्रास, उन्हानं चेहरा सुजलेला. कूलरची खरी गरज त्यांनाच होती.

"काहून काढता?"

"तुलेच तरास होऊन राहिला ना."

"होऊ द्या. तुमीच त म्हनता, अल्ला नाव लिवते. मले वाचता येत नाही. तुमी म्हनलं तेवढंच म्या धरून ठेवलं. का ते खोटं हाये?"

यमक जुळलं म्हणून ओळ ठेवली, हे चाचांनीच मला एकदा हसत सांगितलं होतं. आता त्यांना माझ्याकडे बघवेना.

त्यांनी ताटी परत लावली. पुढे रोज दुपारी चाची ओली चादर अंगावर घेऊन ओसरीत पडून राहत आणि चाचा हातपंख्यानं वारा घालत. दोघंही पार थकून गेली. मला तर त्या होल्याचाच राग यायचा.

पिल्लं उडाली, कूलर सुरू झाला. मग कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तीच कविता हवी म्हणून. निघताना चाचा उंबऱ्यात थांबले आणि पहिल्यांदाच बायकोला विचारलं, "वाचू का?"

कूलरसमोर पडलेल्या चाचींनी डोळे उघडले नाहीत. "वाचा," त्या म्हणाल्या. "आता खरी हाये."